ताण आधी अंगात शोधा

मला ताण आहे, हे मला दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं. खालची दाढ दुखत होती म्हणून गेले होते. कीड असेल, फार तर रूट कॅनाल करावं लागेल, एवढीच मनाची तयारी होती. डॉक्टरांनी दोन्हीकडच्या दाढा नीट पाहिल्या आणि विचारलं, "ताई, झोपेत दात खाता का?" कीड नव्हतीच. घासून घासून दाढेचे उंचवटे सपाट झाले होते आणि एका कडेला बारीक तडा गेला होता. "सध्या कसली काळजी आहे का?" यावर मी लगेच "नाही हो" म्हणाले. मी खोटं बोलत नव्हते, मला खरंच तसं वाटत होतं.

तेव्हा मी एका कंपनीच्या हिशेब विभागात होते, आजही आहे. महिनाअखेरीला खाती जुळल्याशिवाय कुणी घरी जात नाही. आई पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं आणि नंतर तिला आठवेनासं होऊ लागलं होतं. दिवसातून सात-आठ वेळा तिचा फोन यायचा, प्रश्न एकच : "तू कधी येणार?" हे सगळं मी निभावत होते, म्हणजे मला जमतंय, असं मी धरून चालले होते. ताण म्हणजे रडू कोसळणं, हातपाय गळणं, अशी माझी समजूत. माझे हातपाय तर दिवसभर चालू होते.

मनाला विचारलं की ते 'जबाबदारी', 'कामाचा काळ', 'हे सगळ्यांनाच असतं' अशी उत्तरं देतं. अंगाला विचारलं की खरं उत्तर मिळतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की ताण अंगात शोधा आणि तो उतरवायलाही अंगापासूनच सुरुवात करा.

यामागे शरीराची रचना आहे. १९३६ साली हान्स सेल्ये या संशोधकाने उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. थंडी असो, इजा असो, अतिश्रम असोत, त्रास कुठलाही दिला तरी उंदरांच्या शरीरात ठरावीक बदल दिसत होते : अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झालेल्या, पोटात व्रण. या ग्रंथी आपल्यालाही आहेत, दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर. धोका जाणवला की त्यांतून अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात येतं, हृदय जोरात चालतं, स्नायू आवळतात, पचन मंदावतं. पळून जायचं असेल तर हे उपयोगाचंच आहे. पण साहेबांचा मेल वाचून कुणी पळत नाही. आवळलेले स्नायू आवळलेलेच राहतात, आणि माझे तर रात्रीही सुटत नव्हते.

अंगाची चौकशी

दिवसातून तीनदा, अर्धा मिनिट. वेगळा वेळ काढू नका, तो निघत नाही. आपण एरवीही करतो अशा कामांना हे जोडा : हात धुताना, लिफ्टची वाट पाहताना, कुलूप उघडताना. क्रमाने पाहत जा. दात एकमेकांवर टेकलेत का? खांदे कानांकडे चढलेत का? पोट आत ओढलंय का? श्वास छातीतच अडकतोय का? काही बदलायची घाई करू नका, आधी फक्त नोंद घ्या.

पहिल्याच आठवड्यात, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, मी स्वतःला पकडलं. जीभ टाळूला चिकटलेली, दात घट्ट मिटलेले, माऊसवरचा अंगठा दाबून पांढरा पडलेला. समोर साधं बिल होतं. त्यात ताण येण्यासारखं काहीच नव्हतं. पण बाजूला ठेवलेल्या फोनवर आईचा मिस्ड कॉल होता.

डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट इथे सांगते, कारण ती फुकटची आणि लगेच करता येण्यासारखी आहे. जबड्याची विसाव्याची स्थिती म्हणजे ओठ मिटलेले आणि दात सुटे. जेवताना सोडलं तर दात एकमेकांना लागायची फारशी गरज नसते. आत्ता वाचतानाच पाहा.

मग एक छोटी वही करा. वेळ, जागा, नुकतंच काय झालं आणि ताण शून्य ते दहापैकी किती, एवढंच एका ओळीत लिहा. दोन आठवडे लिहून मग सलग वाचा. माझा अंदाज होता की महिनाअखेरीच्या ओळींत आठ-नऊ दिसतील. तिथे पाच-सहा होते. नऊचे आकडे होते ऑफिस सुटल्यापासून आईच्या दारापर्यंतच्या पाऊण तासात, जेव्हा करण्यासारखं काहीच नसायचं आणि दार उघडल्यावर काय दिसेल ते माहीत नसायचं.

त्याला नेमकं नाव द्या

'टेन्शन आलंय' हे वाक्य मी वहीत लिहायचं बंद केलं. त्या शब्दाखाली सगळंच झाकलं जातं. आपल्या भाषेत याला केवढे शब्द आहेत : धास्ती, धाकधूक, हुरहूर, चीड, घुसमट, उबग, अपराधीपणा, जीव टांगणीला लागणं. यातला नेमका कोणता, ते लिहायचं. भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डला या धोका ओळखणाऱ्या भागाची हालचाल कमी होते, असं मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांना २००७ सालच्या अभ्यासात मेंदूच्या स्कॅनवर दिसलं होतं. मला पटलं ते वेगळ्या कारणाने. नाव वेगळं निघालं की उपायही वेगळा सुचतो.

त्या पाऊण तासाला मी 'धास्ती' लिहिलं. धास्तीला माहिती लागते. आईजवळ दिवसा असणाऱ्या बाईंना मी विनंती केली, की रोज पाच वाजता एक मेसेज टाका, 'जेवल्या, झोपल्या, ठीक' एवढाही चालेल. तो पाऊण तास पुढच्या आठवड्यात नऊवरून पाचवर आला. रविवारी सकाळच्या ओळींत मात्र 'चीड' होती. तिथे मेसेजचा काही उपयोग नव्हता. ती चीड दादावर होती आणि त्याच्याशी बोलावं लागणार होतं.

याआधी मी त्याला कितीदा तरी "जरा लक्ष घाल ना" म्हटलं होतं आणि तो दर वेळी "हो" म्हणाला होता. असं मोघम मागितलं की समोरच्याला नक्की काय करायचं ते कळत नाही, आपल्याला मात्र वाटतं की याने टाळलं. या वेळी मी म्हणाले, "दादा, दर रविवारी सकाळी नऊ ते एक तू आईजवळ थांब. औषधांचा कागद फ्रीजवर लावलाय. त्या वेळेत मी फोन घेणार नाही." तो दोन मिनिटं गप्प राहिला आणि मग म्हणाला, "हे तू आधी का नाही सांगितलंस?" मदत मागताना वार, वेळ आणि काम सांगा.

आणि कुणी तुमच्याजवळ मन मोकळं करत असेल तर "पॉझिटिव्ह राहा" म्हणू नका. थकलेल्या माणसाला त्यातून एवढंच ऐकू येतं, की आता थकवाही लपवायला हवा. "मग काय झालं?" असं विचारा आणि ऐकत राहा.

अंग सैल करायचं तंत्र

श्वास बाहेर सोडताना हृदयाची गती किंचित उतरते. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारी व्हेगस ही चेता हे काम करते. म्हणून उच्छ्वास लांबवायचा. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा ते आठ आकडे मोजत सावकाश सोडा, असं पाच मिनिटं. जमत नसेल तर दुसरी रीत : नाकाने श्वास घ्या, भरत आला की वर आणखी एक छोटा श्वास, आणि मग तोंडाने लांब सोडून द्या. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. हे पहिल्यांदा भर ताणात करून पाहू नका. निवांत असताना आठवडाभर सराव करा, म्हणजे गरजेला अंगाला वाट माहीत असेल.

मला याहून जास्त उपयोग झाला तो एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांच्या जुन्या पद्धतीचा. स्नायू मुद्दाम आवळायचा आणि सोडायचा, म्हणजे सैल असणं म्हणजे काय ते कळतं. पावलांपासून सुरुवात करा. पाच-सात सेकंद आवळा, मग वीसएक सेकंद पूर्ण सोडून द्या. पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, कपाळ असे वर या. माझ्यासारखे दात दुखावलेले असतील तर जबडा आवळू नका, भुवया उंच करून सोडा. दुखऱ्या सांध्याला, टाके असलेल्या जागेला हात लावू नका.

चालण्याबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मला तेवढं जमत नव्हतं. मी एक थांबा आधी उतरून दहा मिनिटं चालायला लागले, आणि त्या दहा मिनिटांचाही फरक पडला.

काळजीला वेळ नेमून द्या

काळजी करू नको म्हटल्याने काळजी थांबत नाही. तिला वेळ ठरवून दिली तर मात्र ती बरीच ऐकते. टॉमस बोर्कोव्हेक या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९८३ साली ही रीत मांडली : रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. दिवसभर मनात काही आलं की वहीत एक ओळ टाकायची आणि हातातल्या कामाकडे वळायचं. माझी वेळ संध्याकाळी साडेसात, जागा खिडकीजवळची खुर्ची. अंथरूण ही जागा कधीच नको, आणि झोपायच्या अगदी आधीची वेळही नको.

बसल्यावर पानाचे दोन भाग करा : माझ्या हातातलं आणि माझ्या हातात नसलेलं. एका पानावर मी लिहिलं होतं, 'आई पुन्हा पडली तर?' ते डावीकडे गेलं आणि त्याखाली तीन कामं आली : न्हाणीघरात धरायला दांडी, रात्री मंद दिवा, घसरणारी पायपुसणी काढून टाकणं. प्रत्येकासमोर वार लिहिला. त्याखालची ओळ होती, 'आईने मला ओळखलंच नाही तर?' ती उजवीकडे गेली. तिच्याखाली लिहिण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवशी मी त्या खुर्चीत बसून रडले, वेळ झाली तेव्हा वही मिटली आणि उठले. उजवीकडच्या ओळी सुटत नाहीत. पण त्या पहाटे तीनला उठवायच्या, ते कमी झालं.

झोपेसाठी मी दोन गोष्टी कटाक्षाने पाळते. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ बदलत नाही. आणि साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठते, मंद उजेडात काही कंटाळवाणं वाचते, डोळे मिटू लागले की परत जाते. घड्याळ मात्र पाहायचं नाही, अंदाजानेच उठायचं. दुपारनंतर कॉफी नाही, कारण त्यातलं निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनीही अंगात असतं. झोपेसाठी दारू घेणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की तिने झोप लवकर लागते पण उत्तररात्री मोडते.

घरगुती उपायांवर कधी थांबू नये

छातीत पहिल्यांदाच दुखलं, दडपलं, तर ते ताणाचं म्हणून सोडून देऊ नका, आधी हृदयाची तपासणी करून घ्या. धडधड, घाम, हातांची थरथर थायरॉइडमुळेही होते. साध्या रक्ततपासणीत ते कळतं.

दोन आठवडे, बहुतेक दिवस, उदास वाटत असेल किंवा कशातच रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, कामं अडत असतील, तर डॉक्टरांना भेटा. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, ते औषध देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. बऱ्याच जणांना दोन्ही लागतं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून त्या आपल्या आपण बंद करायच्या नसतात.

जगणं नको वाटतंय, स्वतःला इजा करावीशी वाटतेय, असे विचार आले तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा, हेल्पलाइनला किंवा रुग्णालयात फोन करा, आणि तोवर एकटे राहू नका. कुणी तुम्हाला असं सांगितलं तर त्याच्याजवळ थांबा. त्याला थेट विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही.

मी स्वतः पाचव्या महिन्यात डॉक्टरांकडे गेले. चिठ्ठी काढून बाहेर बसले तेव्हा आत काय सांगायचं तेच सुचेना, म्हणून वही पर्समधून काढून हातात धरली. डॉक्टरांनी ती मागून घेतली, चार-पाच पानं शांतपणे वाचली आणि विचारलं, "झोप कधीपासून बिघडली?" एरवी मी "बरेच दिवस झाले" म्हणाले असते. मी पानं मागे उलटली आणि त्यांना तारीख दाखवली.