उपकेंद्रावर मलेरियाची तपासणी: किट कुठे फसतं?

पावसाळ्यात गडचिरोलीच्या आतल्या भागात नाल्याला पूर आला की उपकेंद्र हाच दवाखाना. म्हणून किट (बोटाच्या रक्तावर मलेरिया झटपट तपासणारी पट्टी), गोळ्या, काचपट्ट्या मे महिन्यातच भरून घ्या आणि मुदत तपासा. पत्र्याच्या छताखाली तापलेल्या कपाटात किट ठेवू नका; उष्णतेने ते निकामी होतं आणि खरा मलेरिया निगेटिव्ह दिसतो.

पाकीट रुग्ण समोर बसल्यावरच फोडा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या, मग टोचा. पहिला थेंब पुसून दुसरा घ्या, किटसोबतच्या नळीने, 5 मायक्रोलिटरच. रक्त जास्त झालं तर पट्टी लाल राहते आणि निकालाची रेघ झाकली जाते. बफर (रक्तानंतर पट्टीवर टाकायचं द्रावण) त्याच खोक्यातलं वापरा. पाणी किंवा सलाईन कधीच नाही. पाकिटावरच्या वेळेलाच रेघ वाचा. कंट्रोलची रेघ (किट नीट चाललं हे दाखवणारी) नसेल तर नवं किट.

फाल्सिपेरम (मलेरियाचा जास्त धोकादायक प्रकार) बरा झाल्यावरही किट काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतं. अशा रुग्णाला पुन्हा ताप आला तर रक्तनमुन्याची काचपट्टीच पाठवा. पट्टीवरचा रक्ताचा जाड थेंब आडवा ठेवून वाळवा, माश्यांपासून झाका.

व्हायवॅक्स या दुसऱ्या प्रकारात खरी गळती औषधाची. क्लोरोक्विन 3 दिवस, प्रायमाक्विन 14 दिवस. ताप उतरला की गोळ्या सुटतात आणि यकृतातले जंतू पुन्हा उठतात. आशाताईंनी रोजची गोळी समोर द्यावी. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन नाही. लघवी काळपट झाली तर ते लगेच थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. झटके, ग्लानी, सतत उलट्या दिसल्या तर वाट न पाहता 108.