पगार भरघोस, तरी महिनाअखेर ओढाताण? या चुका टाळा

पगार जमा होतो त्या दिवशी खातं भरलेलं असतं आणि तिसऱ्या आठवड्यात घर क्रेडिट कार्डावर चालू होतं. अशा घरात काटकसरीचा विषय निघाला की पहिली कुऱ्हाड ठरलेली: बाहेरून जेवण मागवणं बंद, ओटीटीचं एक सबस्क्रिप्शन रद्द. चार दिवस सगळे निमूट ऐकतात, पाचव्या दिवशी पुन्हा ऑर्डर जाते. ती गेली नसती तरी फार फरक पडला नसता, कारण गळती बहुतेक वेळा तिथे नसतेच.

एक साधी चाचणी करा. उद्या एक महिना पगार आलाच नाही असं धरा आणि तरीही भरावेच लागतील असे आकडे कागदावर मांडा. घराचा हप्ता किंवा भाडं, गाड्यांचे हप्ते, शाळेची फी, विमा, देखभाल शुल्क, घरकामाच्या माणसांचे पगार. ही बेरीज हातात येणाऱ्या पगाराच्या 70 टक्क्यांवर गेली असेल, तर उरलेल्या 30 टक्क्यांत कितीही चिमटे काढले तरी तोंडमिळवणी जेमतेमच होणार.

हे आकडे इतके फुगतात कसे? खरेदी करताना आपण फक्त हप्ता बघतो. मोठं घर घेतलं की जुना सोफा त्यात केविलवाणा दिसायला लागतो, मग पडदे, मग आणखी दोन एसी, मग साफसफाईला जास्तीचं माणूस. फ्रेंच लेखक देनी दिदरो याने 1769 च्या सुमारास नेमकं हेच लिहून ठेवलंय: नवा उंची झगा भेट मिळाला आणि त्याला शोभावं म्हणून खुर्ची, टेबल सगळंच बदललं गेलं. बँकेने मोठं कर्ज मंजूर केलं म्हणजे ते झेपेल, या समजुतीतही राहू नका. बँक हप्ता फेडण्याची तुमची ताकद बघते, पडद्यांचा हिशेब ती करत नाही.

वर्षातून एकदा येणारे खर्च 'अचानक आले' म्हणणं ही आणखी एक चूक. फी, विमा, सुट्टीतला प्रवास, लग्नकार्यातले आहेर. यांत अचानक काय आहे? असे खर्च वर्षाला दोन पगारांइतके होत असतील, तर प्रत्येक पगाराचा सहावा हिस्सा आधीच खर्ची पडलेला असतो. तो दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. बोनसवर मात्र भिस्त ठेवू नका.

दोघं कमावते असतील तर हिशेब बहुधा कुणाकडेच नसतो. बचत दुसरा करतोय, असं दोघांनाही वाटत असतं. महिन्यातून एकदा दोघांची खाती आणि कार्डं शेजारी ठेवून बघा. भांडण होईल, होऊ द्या. फक्त 'तूच उधळतोस'वर गाडी आली की त्या दिवशी थांबा.

कार्डाचं 'किमान देय' भरून निर्धास्त होणं मात्र सर्वांत महाग. महिन्याला 3 टक्के व्याज आणि 5 टक्के किमान भरणा धरला, तर नवी खरेदी शून्य असतानाही बाकी निम्मी व्हायला सुमारे 32 महिने लागतात. हातात मोकळा पैसा येईल तो आधी इथे भरा.

पगारवाढ झाली की पहिल्याच महिन्यापासून वाढीचा निम्मा भाग बचतीकडे आपोआप वळेल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. एकदा सवयीचं झालेलं राहणीमान खाली आणणं फार जड जातं.

आणि चाचणीत 70 टक्क्यांच्या वर निघालात, तर एक मोठा खर्च मुळासकट काढावा लागेल. बऱ्याच घरांत तो दुसऱ्या गाडीचा असतो. विकण्याआधी कर्जाची बाकी, मुदतीपूर्वी कर्ज फेडण्याचं शुल्क आणि गाडीला मिळणारी किंमत, तिन्ही आकडे लेखी मागवून घ्या.