व्हायरल लोड दबला, तरी नागीण का उठते?

एचआयव्हीवरची औषधं, म्हणजे एआरटी, चालू आहे, व्हायरल लोड (रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण) सापडत नाही, सीडी४ या प्रतिकारपेशी ५०० च्या वर. तरीही फाइलमधला सीडी४-सीडी८ रेशो, म्हणजे सीडी४ आणि सीडी८ या दोन प्रकारच्या प्रतिकारपेशींचं प्रमाण, बघा. तो १ च्या खाली रेंगाळत असेल, तर एक संशयित म्हणजे सायटोमेगॅलो विषाणू, सीएमव्ही. तो बहुधा लहानपणीच शिरतो आणि जन्मभर झोपून राहतो. त्याला दाबून ठेवायला सीडी८ पेशींची मोठी फौज गुंतते आणि शरीरात बारीक दाह धुमसत राहतो. त्यासाठी रोज वेगळी गोळी नसते. एआरटी न चुकवणं हाच उपाय.

नागिणीचं मात्र घड्याळ लावून बघावं लागतं. कांजिण्यांचाच विषाणू मज्जातंतूत दडलेला असतो; व्हायरल लोड दबला तरी प्रतिकारशक्ती पूर्ण सावरलेली नसेल, तर तो पुन्हा उठतो. आधी दोन-तीन दिवस एकाच बाजूला जळजळ होते. लोकलमध्ये बॅगेचा पट्टा घासला असेल, असं वाटतं. मग पुरळ येतं. पुरळ आल्यापासून ७२ तासांच्या आत दाखवा; मुंबईत केईएम, सायन, नायर, जे रुग्णालय जवळ असेल तिथे. नेहमीचा डोस म्हणजे विषाणूवरचं औषध असायक्लोविर ८०० मिग्रॅ, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस. किडनी कमजोर असेल तर डॉक्टर तो कमी करतात. गेरूचा लेप नको. नागिणीची तोंडं जुळली की माणूस जातो, हेही खोटं. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

सोबत हिपॅटायटिस बी असेल, तर टीएलडी, म्हणजे एआरटीची तीन औषधांची एकत्र गोळी, मनाने बंद करू नका. त्यातलं टेनोफोविर आणि लॅमिवुडिन तोही विषाणू दाबतात. गोळी सुटली की यकृत भडकू शकतं.