जुन्या शिकारी रायफलचा नेम बिघडलाय? आधी लाकूड तपासा

ठाण्यात पावसाळ्यानंतर जुन्या शिकारी रायफलचा नेम हलला की लोक नळीला दोष देतात. मी आधी दस्ता, म्हणजे नळी ज्यात बसते तो लाकडी भाग, बघायला सांगेन. जुनं अक्रोडाचं लाकूड दमट हवेत ओल धरतं, फुगतं आणि नळीला एका बाजूने रेटतं. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, मग नळी आणि लाकडाच्या मधून कागदाची पट्टी सरकवा. कुठे अडकते ते कळेल. लगेच कानस मात्र चालवू नका. काही रायफलींत पुढच्या टोकाशी लाकडाचा नळीवर दाब मुद्दाम ठेवलेला असतो. ते काम परवानाधारक कारागिराचं.

दस्त्याचे आणि दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू ढिले नाहीत ना, तेही पाहा.

गोळ्यांमुळे नळीत साचलेलं तांबं नुसत्या तेलाने निघत नाही, त्यासाठी वेगळं सॉल्व्हंट लागतं. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) काढून साफसफाईचा रॉड मागूनच घाला. पुढून घातला तर नळीच्या तोंडाची कड झिजते, आणि गोळी शेवटचा स्पर्श तिथेच करते.

वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे चाचणी अधिकृत रेंजवर, कागदी लक्ष्यावर घ्या. एकाच बॅचची काडतुसं वापरा, गोळ्यांचा एक गट झाडला की पुढच्या गटाआधी नळी थंड होऊ द्या.