नवं सॉफ्टवेअर टाकलं आणि विंडोज सुरूच होईना?

ठाण्यात गोखले रोडवर किंवा वाशीला दुकानात नेऊन लगेच फॉरमॅट करून घेऊ नका. बहुतेक वेळा डेटा शाबूत असतो. दुसरा अँटिव्हायरस किंवा जुना ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्राम) विंडोजच्या गाभ्यात शिरतो आणि सुरू होतानाच अडतो, एवढंच.

आधी पेन ड्राइव्ह, प्रिंटर काढा. मशीन चालू करा; विंडोजचं चिन्ह दिसून ठिपके फिरू लागले की पॉवरचं बटण १० सेकंद दाबून ठेवा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीची निळी स्क्रीन येते. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. मग ४ दाबा, म्हणजे विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होतं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे किल्ली, मागेल. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, मोबाइलवरून पाहा.

सेफ मोडमध्ये मोजकेच ड्रायव्हर चालतात, म्हणून मशीन उभं राहतं. आता ते सॉफ्टवेअर काढा. इथे एक अडचण हमखास येते: विंडोज इन्स्टॉलर सेवा सेफ मोडमध्ये बंद असते, त्यामुळे काही प्रोग्राम निघतच नाहीत. अशा वेळी त्याच निळ्या स्क्रीनवरून सिस्टम रिस्टोर (विंडोज आधीच्या स्थितीत नेणारी सोय) निवडा आणि इन्स्टॉलच्या आधीची तारीख घ्या. फोटो, कागदपत्रं जागच्या जागी राहतात.