खाली आई-वडील, वर तुम्ही: वेगळ्या बिऱ्हाडाचं रो-हाउस कसं पाहावं

घर दाखवायला सकाळी दहाला बोलावलं तर दुपारी तीनची वेळ मागून घ्या. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो आणि घर कसं आहे ते त्या उन्हातच कळतं. सॅम्पल घरात एसी लावून ठेवलेला असतो. गेल्या गेल्या तो बंद करायला सांगा, बाकीचं घर पाहून या आणि अर्ध्या तासाने त्याच खोलीत पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा. भिंत तव्यासारखी लागली तर ती चार इंची आहे किंवा तिच्यावर दिवसभर आडोसा नाही. बाहेरची भिंत निदान नऊ इंची विटेची किंवा आठ इंची एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) हवी. खिडकीच्या चौकटीत टेप धरला की भिंतीची जाडी लगेच कळते. जमलं तर रात्री नऊलाही एक चक्कर मारा, कारण दिवसभर तापलेला स्लॅब ती धग संध्याकाळनंतर आत सोडतो. वरचा मजला तेव्हाच नकोसा होतो.

बरोबर १६ फुटी टेप, काचेची गोटी, एक नाणं आणि टॉर्च घ्या. जे खाली राहणार आहेत त्यांना, मग ते आई-वडील असोत की सासू-सासरे, सोबत न्याच. गुडघे कुठे अडतात हे तुम्हाला टेपवर दिसणार नाही.

आधी छताची उंची मोजा

वेगळं बिऱ्हाड म्हणून दाखवलेली तळमजल्याची खोली मंजूर नकाशात पार्किंग असते, असं बऱ्याचदा निघतं. शटरच्या जागी भिंत उभी राहते, आत ओटा आणि संडास बसतो आणि जाहिरातीत ‘पालकांसाठी स्वतंत्र युनिट’ छापलं जातं. ओळखायची पहिली खूण म्हणजे उंची. राहण्याच्या खोलीला फरशीपासून छतापर्यंत २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट लागतात, तर पार्किंग आठ फुटांतही भागतं. टेप आठ-सव्वाआठवर थांबला तर तिथेच मंजूर नकाशा मागा आणि त्या जागेवर काय लिहिलंय ते वाचा. पार्किंग लिहिलं असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (घर राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला) त्या खोलीला लागू होत नाही, बँक मूल्यांकनात ती धरायला तयार नसते आणि वेगळा वीजमीटर मिळतानाही अडतं. किंमत मात्र तुमच्याकडून खोलीचीच घेतलेली असते.

रॅम्प, दार, मोरी

जोतं रस्त्यापासून साधारण दोन फूट उंच असतं. चाकाची खुर्ची चढवायला उतार एकास बारा हवा, म्हणजे दोन फूट चढायला २४ फूट लांब रॅम्प. पुढचं अंगण दहा फुटांचं असेल तर सरळ रॅम्प बसणारच नाही. दाराशी दिसतो तो तीन-चार फुटी तिरका कट्टा स्कूटर चढवण्यापुरता आहे. त्यावरून म्हाताऱ्या माणसाची खुर्ची उतरवणं धोक्याचं. रांगेतलं टोकाचं घर मिळत असेल तर त्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेतून बारा फूट, मग पाच बाय पाचचा सपाट टप्पा, पुन्हा बारा फूट असा वळणाचा रॅम्प निघतो. म्हणून अशा कुटुंबाने टोकाच्या घराला थोडे पैसे जास्त मोजावेत. आजोबा अजून काठीने चालत असतील तर सहा इंचांच्या चार रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा एवढंही पुरतं.

रॅम्प जिथे जोत्याला टेकतो तिथे वाकून बघा. बहुतेक वेळा तो न चोपलेल्या भरावावर ओतलेला असतो. एका पावसाळ्यात भराव बसतो, रॅम्प इंच-दीड इंच खाली जातो आणि उंबऱ्याशी कडा उभी राहते. चाक नेमकं तिथेच अडतं.

खोलीचं दार मोकळं तीन फूट हवं. मोरीचं दार अडीच फुटी चौकटीचं असतं आणि फळीची जाडी, बिजागरी वगळता हाती २६-२७ इंच उरतात. साधी चाकाची खुर्ची २५-२६ इंच रुंद असते, म्हणजे बोटं सोलवटून निघणार. हे दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करून घ्या. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि बाहेरून कोणाला मदत करता येत नाही. कडीही बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी बसवा.

मोरीत एक बादली पाणी ओता. पाणी जाळीकडे गेलं पाहिजे, कमोडमागे साचता कामा नये. मग गोटी सोडून बघा. ती दाराकडे घरंगळली तर उतार उलटा आहे आणि रोज पाणी खोलीत येईल. कमोडची बैठक जमिनीपासून १७ ते १९ इंचांवर असावी. धरायचा दांडा भिंतीत पक्का बसायला हवा. चार इंची विटेत तो आरपार बोल्टने टिकतो, एएसी ब्लॉकमध्ये साधे प्लग काही महिन्यांत सुटतात आणि केमिकलने भोकात चिकटवायचे अँकर लागतात. टाइल बसायच्या आधीच जागा ठरवून दिली तर काम स्वस्तात होतं.

आता वर, छताकडे बघा. वरच्या मजल्याचं संडास-बाथरूम खालच्या कुठल्या खोलीवर आलंय? मोरीवर मोरी असेल तर ठीक. पलंगाच्या किंवा ओट्याच्या वर आलं असेल तर आज ना उद्या ओल उतरणार आणि दुरुस्तीला वरची सगळी फरशी फोडावी लागणार.

दोन चुली, एक घर

खालच्या स्वयंपाकघरात सिंक आणि दोन बर्नरची शेगडी मांडली की काम झालं असं समजू नका. आपल्याकडे वर्षाचा गहू भरतात, त्याची कोठी कुठे ठेवणार? भरिताची वांगी भाजायला, खापरावर मांडे करायला मागच्या अंगणात चार बाय सहा फूट उघडी जागा लागते. पापड, बिबडे, कुरडया वाळवायला आई गच्चीवर चढणार नाही, तेव्हा खालीच उन्हाचा ओटा आहे का ते पाहा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की त्या आईकडेच मुक्काम टाकतात. खालची बैठक दहा बाय दहाची असेल तर गाद्या वर न्याव्या लागतील. आखाजीच्या झोक्यासाठी स्लॅबमध्ये कडी हवी असेल तर ती ओतकामाच्या वेळीच टाकून घ्यावी लागते. मागाहून ड्रिल मारून बसवलेल्या हुकवर माणसाने बसू नये.

जिना कुठून जातो यावर दोन्ही बिऱ्हाडांची शांतता ठरते. जिना खालच्या बैठकीतून गेला तर नातवाच्या मित्रापासून सिलिंडरवाल्यापर्यंत सगळे आई-वडिलांच्या समोरून जाणार. आमच्या मते जिना बाहेरून असावा आणि घरातून एकच जोडदार असावं, दोन्ही बाजूंनी कडी असलेलं. पुढे खालचा भाग भाड्याने द्यायची वेळ आली तरी हीच रचना कामी येते. एकाला वर पाठवून खुर्ची ओढायला सांगा, तुम्ही खाली पलंगाच्या जागी उभे राहा. आवाज किती उतरतो ते कळेल.

पाणी

गावाला नळ किती दिवसांनी येतो ते बिल्डरला विचारू नका, शेजारच्या गल्लीत विचारा. माणशी दिवसाला १३५ लिटर धरा. सहा माणसांना ८१० लिटर, आणि दर चार दिवसांनी पाणी येत असेल तर ३,२४० लिटर. उन्हाळ्यात कूलरचं वेगळं. जमिनीतली टाकी आतून फुटांत मोजा. लांबी, रुंदी आणि ओव्हरफ्लोपर्यंतची खोली यांचा गुणाकार करून २८.३ ने गुणा. सहा बाय पाच बाय पाचच्या टाकीत सुमारे ४,२०० लिटर मावतात. टाकीचं झाकण फरशीपासून सहा इंच वर असावं, नाहीतर पावसाचं पाणी आत जातं. सेप्टिक टाकीचं झाकण शेजारीच दिसलं तर ते घर सोडा. जमीन हलली की दोन्हींच्या भिंतींना बारीक तडे जातात.

गच्चीवर दोन टाक्या हव्यात, एकेका बिऱ्हाडाची वेगळी. एकच असेल तर वर वॉशिंग मशीन लागलं की खालचा नळ कोरडा पडतो. मोटर कुठे बसवलीय तेही बघा. नळ पहाटे चारला येत असेल आणि मोटर आई-वडिलांच्या खिडकीखाली असेल तर उठणार तेच. तिचं बटण दोन्ही मजल्यांवर घ्या आणि टाकीत, ती भरली की मोटर बंद करणारा फ्लोट बसवा. दुपारी तीनला मोरीतला नळ सोडून हाताखाली धरा. पाइप पश्चिमेच्या भिंतीवरून उघडा आला असेल तर पाणी अंगावर घेण्यासारखं राहत नाही. पाइपला आवरण आणि टाकीला सावली, दोन्ही सांगून ठेवा.

काळी जमीन

तापी-गिरणेच्या काठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. पाया तिच्यातच थांबला असेल तर घर दरवर्षी हलतं. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत गेलाय का, प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची काँक्रीटची तुळई) आहे का, भराव मुरमाचा की खोदलेल्या काळ्या मातीचाच, हे तीन प्रश्न इंजिनिअरला विचारा. मग स्वतः बघा. प्लास्टरवरच्या केसासारख्या जाळीला घाबरू नका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, नख आत जाईल एवढा आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाही दिसणारा तडा मात्र जमिनीमुळे आलेला असतो. खालच्या खोलीत स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची लाद्यांची पट्टी) आणि फरशी यांच्यात फट दिसली तर भराव बसतोय. फरशीवर नाण्याने ठोकत जा, पोकळ आवाज येणाऱ्या लाद्या मोजा. घराभोवती दोन-तीन फूट रुंद फरसबंदी हवी, तिचा उतार बाहेर. ती नसेल तर पावसाचं पाणी थेट पायाशी मुरतं.

वीज

महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर वाढत जातात. एकाच मीटरवर दोन एसी, दोन कूलर चालले तर मे महिन्यात वरचा टप्पा लागणारच, म्हणून वेगळा मीटर फायद्याचा. त्यासाठी स्वतंत्र प्रवेश आणि स्वतंत्र स्वयंपाकघर मंजूर नकाशात दिसलं पाहिजे. गच्चीवर सोलर टाकणार असाल तर ते ज्या मीटरला जोडाल त्याचंच बिल कमी होतं. ३ किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. दीड टनी एसीला ४ चौ.मि.मी.ची वेगळी वायर आहे का ते विचारा. आरसीसीबीचं (वीजगळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) चाचणीचं बटण दाबून बघा, लगेच ट्रिप व्हायला हवा. खालच्या बिऱ्हाडात पलंगाशेजारी एक घंटी आणि ती वर वाजेल अशी वायर आत्ताच टाकून घ्या. बटण उशीच्या उंचीवर.

टोकन द्यायच्या आधी

सातबारा किंवा मिळकत पत्रिका, अकृषिक आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र वकिलाला दाखवा. भूखंड ५०० चौ.मी.पेक्षा मोठा आणि घरं आठपेक्षा जास्त असतील तर महारेरा (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर तो तपासा. दर कार्पेटवर, म्हणजे आतल्या वापराच्या क्षेत्रफळावर ठरवा. कार्पेटमध्ये बाल्कनी, गच्ची आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागण्याचा अधिकार रेरा कायद्याने बिल्डरला दिलेला नाही. रॅम्पची लांबी, मोरीच्या दाराची मोकळी रुंदी, दांड्यांच्या जागा, दुसरी टाकी आणि दुसरा मीटर ही पाच कामं मापांसह करारनाम्याच्या परिशिष्टात घाला. ‘करून देऊ की’ म्हणणाऱ्याला तेच तिथे लिहून द्यायला सांगा.