खूप वर्षांनी समुद्रात लांब पोहायचंय? आधी पाण्याची ओढ बघा

बऱ्याच वर्षांनी परत सुरू केलं की जाताना मस्त वाटतं आणि येताना हात भरून येतात, कारण जाताना पाणीच आपल्याला नेत असतं आणि ते कळतही नाही.

१. गुहागरसारख्या लांब सरळ किनाऱ्यावर छातीभर पाण्यात जा, समोरचं एखादं उंच सुरूचं झाड किंवा देवळाचा कळस धरा आणि दोनेक मिनिटं हातपाय न मारता नुसतं तरंगा.
२. ज्या बाजूला सरकलात त्याच्या उलट दिशेने पोहायला सुरुवात करा, म्हणजे दमल्यावर परत येताना पाण्याची मदत मिळते.
३. किनाऱ्याला समांतरच राहा, आणि अंतर मोजू नका, घड्याळ बघून ठरवलेला अर्धा वेळ झाला की वळा.

सुरुवातीचे दिवस सप्तमी-अष्टमीच्या आसपासचे, भांगाचे (म्हणजे भरती-ओहोटी लहान असते ते) निवडा, ओढ कमी असते. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते, त्यामुळे कालची वेळ आज धरू नका.

सुकती (ओहोटी) लागलेली असताना खाडीच्या तोंडाशी मात्र अजिबात जायचं नाही, पूर्वी कितीही पोहत असलात तरी, तिथलं पाणी थेट बाहेर खेचतं.